पाळक, पक्ष आणि प्रभूचे मेज

धर्मोपदेशकाला आपला श्रोतृवर्ग निवडता येत नाही. वृत्तपत्राच्या संपादकाला बहुधा आपल्याच मताचे वाचक मिळतात, पक्षाच्या पुढाऱ्याभोवती त्याच्या झेंड्याखाली जमणारे अनुयायी असतात. परंतु ख्रिस्ती मंडळीच्या पाळकासमोर रविवारी सकाळी जी माणसे बाकांवर येऊन बसतात, त्यांत गेल्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध राबलेले शेजारी असतात, सरकारदरबारी वजन असलेले अंमलदार असतात, त्याच सरकारच्या एखाद्या हुकमाने ज्यांच्या पोटावर पाय आला आहे असे लोकही असतात, आणि ह्या सर्वांच्या मुलांचे बाप्तिस्मे, त्यांची लग्ने, त्यांच्या घरची आजारपणे आणि त्यांची मयते त्या एकाच पाळकाने निभावून न्यायची असतात. म्हणून देशात राजकीय दुफळी माजली की पाळकाचे हितचिंतक त्याला पहिला सल्ला देतात तो असा, की उपासनेत राजकारण येऊ देऊ नका, मंडळी फुटेल. पाळकाचे काम मी करीत आलो आहे, आणि ह्या सल्ल्यात काहीच तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. दुःखाने खचलेल्या घरी जाऊन प्रार्थना करायची असताना, हा पाळक आपल्या विरुद्ध पक्षाचा आहे असे त्या घरच्या माणसाच्या मनात येऊन गेले, तर त्या प्रार्थनेतील अर्धे बळ नाहीसे होते. तथापि ह्या सल्ल्याला एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यावर पाळकाचे मौन हेच एका पक्षाच्या उपयोगी पडू लागते. ही मर्यादा नेमकी कोठे असते हे समजून घ्यावयाचे असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचे एक पाळक, बेयर्स नौदे, ह्यांच्या आयुष्याइतका बोधप्रद दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

मंडेला आणि टुटू ही नावे आपल्याकडे घरोघरी पोचली; नौदे ह्यांचे नाव फारसे कोणाच्या कानांवर आलेले नाही. त्या दोघांपेक्षा त्यांची परिस्थितीही निराळी होती. ते पीडितांत जन्मले नव्हते. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याच घरात ते वाढले, त्यांच्याच विद्यापीठात शिकले, त्यांच्याच गुप्त मंडळाचे सभासद झाले आणि त्यांच्याच मंडळीचे पाळक म्हणून दोन तपांच्या आसपास प्रवचने देत राहिले. अन्याय सोसणाऱ्यांचा पाळक आणि अन्याय करणाऱ्यांचा पाळक ह्यांच्यापुढे ठाकणारे प्रश्न सारखे नसतात; दुसऱ्याचे काम मला अधिक अवघड वाटते, कारण ज्यांना सत्य सांगायचे त्यांच्यावर त्याचे प्रेम असते आणि त्यांच्याच हातची भाकरी तो खात असतो.

नौदे ह्यांचा जन्म १० मे १९१५ रोजी ट्रान्सवाल प्रांतातील रुडेपोर्ट येथे झाला. वडील योझुआ नौदे हेही पाळकच. १८९९ ते १९०२ ह्या काळात इंग्रजांशी झालेल्या युद्धात ते बोअर फौजेबरोबर होते, आणि अखेरीस फेरेनिखिंग येथे तहाच्या अटींवर मतदान झाले तेव्हा ६० प्रतिनिधींपैकी ५४ जणांनी शरणागतीचा कौल दिला असता, विरोधात उभे राहिलेल्या सहांत त्यांची गणना होती. त्या युद्धातील आपले सेनापती क्रिस्तियान बेयर्स ह्यांचेच नाव त्यांनी मुलाला दिले. इंग्रजांनी बोअरांची शेते जाळली होती, त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले होते, आणि त्या छावण्यांत रोगराईने व अन्नावाचून हजारो जीव गेले होते. ही आठवण प्रत्येक आफ्रिकानेर, म्हणजे बोअर वंशाच्या, घरात जिवंत होती. आपली भाषा, आपल्या शाळा आणि आपला धर्म जपला नाही तर आपला समाज नामशेष होईल ही भीती तिच्यातूनच उपजली. आणि त्या भीतीपोटीच १९१८ साली ‘ब्रूडरबोंड’ नावाचे जे मंडळ स्थापन झाले व पुढे गुप्तपणे चालू लागले, त्याच्या संस्थापकांत योझुआ नौदे अग्रभागी होते. मुलगा १९४० साली, अवघ्या पंचविशीत, त्या मंडळाचा सभासद झाला. स्टेलेनबॉश विद्यापीठात त्याला समाजशास्त्र शिकविणारे प्राध्यापक हेंड्रिक फर्वुर्ट हे पुढे देशाचे पंतप्रधान आणि वर्णभेदाच्या राज्ययंत्रणेचे प्रमुख शिल्पकार झाले.

हा सारा वृत्तांत मी विस्ताराने सांगतो आहे, कारण आफ्रिकानेरांना केवळ दुष्ट मानून मोकळे होणे सोपे आहे आणि पाळकाला तसे मोकळे होता येत नाही. ज्या समाजाने स्वतः अपमान गिळलेला असतो त्याच्या मनात त्या अपमानाची आठवण एवढी जागा व्यापते, की आपण दुसऱ्यावर करीत असलेला अन्याय पाहायला तेथे जागाच उरत नाही. नौदे ह्यांना हे आतून ठाऊक होते, आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी आपल्या लोकांवर कितीही कठोर टीका केली तरी तीत तुच्छतेचा स्वर आला नाही, ह्याचे कारण मला ह्या आतल्या ओळखीत दिसते.

आता ते ज्या चर्चचे पाळक होते त्याच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. डच रिफॉर्म्ड चर्च हे आफ्रिकानेर समाजाचे सर्वांत मोठे चर्च. नॅशनल पार्टी प्रार्थनेला बसली की तिलाच हे चर्च म्हणतात, असे त्या देशात लोक उघड बोलत. १९४८ साली ही पार्टी सत्तेवर आली तेव्हा पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे पूर्वाश्रमीचे ह्याच चर्चचे पाळक होते. पाठोपाठ मिश्रविवाहांवर बंदी आली, प्रत्येक नागरिकाची वर्णावरून सरकारदप्तरी नोंद करणारा कायदा आला, कोणत्या वर्णाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहावे हे ठरविणारा कायदा आला. परंतु ह्या कायद्यांचे मूळ शोधू लागले तर ते विधिमंडळाच्या दप्तरात सापडत नाही. ते सुमारे शंभर वर्षे मागे, चर्चच्याच एका ठरावात सापडते.

प्रभुभोजन हा ख्रिस्ती उपासनेचा गाभा होय. मेजावर भाकर आणि द्राक्षरस ठेवतात, पाळक प्रार्थना करून भाकर मोडतो, आणि मंडळीतील वडील त्या भाकरीचे तबक व प्याला बाकाबाकांतून पुढे नेतात. शेजारच्याने स्पर्श केलेल्या तबकातून आपण घ्यायचे आणि आपण स्पर्श केलेले पुढच्याच्या हाती द्यायचे, इतकी ही साधी गोष्ट आहे. केप वसाहतीतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, १८२९ साली असा निर्णय दिला होता, की वर्ण किंवा जन्म ह्यांचा भेद न मानता हे भोजन सर्वांना एकत्रच दिले जावे. पण गोऱ्या शेतकऱ्यांना आपल्या मजुरांबरोबर त्या मेजाशी बसणे जड जाऊ लागले. १८५७ च्या सिनडपुढे हा प्रश्न आला तेव्हा एकत्र उपासना हीच इष्ट व शास्त्रसंमत आहे असे आधी मान्य करण्यात आले, आणि मग काही जणांच्या दुर्बलतेमुळे सुवार्तेच्या कार्यात अडथळा येत असेल तर निराळ्या इमारतीत निराळी उपासना करण्यास मुभा द्यावी, असा ठराव झाला. त्या दिवशी कोणी वर्णभेदाचे तत्त्वज्ञान मांडले नाही. काही सभासद दुखावू नयेत, मंडळी फुटू नये, एवढाच हेतू होता, आणि तो ठराव करणारी माणसे स्वतःला दयाळू समजत असली पाहिजेत. पुढे १८८१ साली वर्णसंकरातून जन्मलेल्या लोकांसाठी वेगळे मिशन चर्चच स्थापन झाले. सवलतीची वहिवाट झाली, वहिवाटीला समर्थन हवे म्हणून पवित्र शास्त्रातील बाबेलच्या बुरुजाच्या कथेतून राष्ट्राराष्ट्रांना वेगळे ठेवणे हीच देवाची योजना असल्याचा अर्थ काढण्यात आला, आणि विसाव्या शतकात चर्चनेच सरकारकडे तसे कायदे करण्याची मागणी केली. मंडळीच्या शांततेसाठी दिलेली एक मुभा शंभर वर्षांत कोठवर जाते, हे प्रत्येक पाळकाने मनाशी घोळवावे असे आहे.

हिंदुस्थानात ह्याच प्रश्नाचा वेगळा निकाल लागला होता. दक्षिणेतील मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळी जातवार बसण्याची चाल होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी १८३३ साली पत्र काढून ती तात्काळ व कायमची सोडण्याचा हुकूम केला, आणि त्यामुळे पुष्कळ सभासद मंडळी सोडून गेले तरी तो मागे घेतला नाही. जातीचा पगडा एका हुकमाने सुटत नाही, हे आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना वेगळे सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची हकिकत ज्या प्रांजळपणे सांगितली आहे, ती वाचली म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. तरीही हुकूम स्वच्छ असला की चुकणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळत राहते. केपच्या ठरावाने चुकणाऱ्याची ही जाणीवच काढून घेतली.

नौदे ह्यांचा विवाह १९४० साली इल्सा वेडर ह्यांच्याशी झाला. त्या मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या घराण्यातल्या होत्या, आणि काळ्या व गोऱ्या ख्रिस्ती लोकांचा जो सहवास त्या घराण्याच्या अंगवळणी होता तो नौदे ह्यांना नवा होता. तरीही त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे ते आपल्या चर्चच्या चाकोरीतूनच चालले. बेन मरे आणि बी. बी. केट ह्या त्यांच्याच चर्चमधील धर्मशास्त्रज्ञांनी वर्णभेदाला शास्त्राधार नाही असे १९५० नंतरच्या काही वर्षांत लिहिले, आणि ते त्यांनी वाचलेही. परंतु वाचलेले मनात उतरायला प्रत्यक्ष दर्शन लागले. काळ्या आणि मिश्रवर्णीय मंडळ्यांत काम करणारे काही तरुण गोरे पाळक त्यांच्याकडे येऊन म्हणू लागले, की आमच्या मंडळीतील माणसे आम्हांला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे आमच्यापाशी नाहीत, तुम्ही स्वतः येऊन पाहा. नौदे गेले. त्यांनी पाहिले ते असे, की काळ्या मनुष्याला आवश्यक ती पात्रता दप्तरी सिद्ध करता आली नाही तर शहरात ७२ तासांपेक्षा अधिक राहता येत नाही; सोन्याच्या खाणीत राबणारा मजूर पुरुषांच्या वसतिगृहात राहतो आणि त्याची बायको शेकडो मैल दूर राखीव प्रदेशात; परवाना खिशात नसला की त्याची रात्र कोठडीत जाते. पाळकाने वेदीसमोर ज्या दोघांकडून आमरण एकत्र राहण्याचे वचन घेतले, त्यांना वेगळे ठेवण्याची तजवीज सरकारच्या कचेरीत झालेली होती, आणि त्या सरकारच्या कल्याणासाठी दर रविवारी प्रार्थना करणारे चर्च ते पाहत होते.

मी ज्या मर्यादेचा वर उल्लेख केला ती माझ्या मते येथे सापडते. धरण कोठे बांधावे, कर किती असावा, कोणत्या पक्षाचा उमेदवार अधिक लायक, ह्या बाबतींत पाळकाला मत असते आणि ते त्याने मतपेटीत टाकावे. व्यासपीठावरून त्याचा उच्चार केला तर तो आपल्या पदाचा गैरवापर ठरेल. पण देवासमोर कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाचे लग्न लग्न समजावे, कोणाला मनुष्य म्हणावे, ही क्षेत्रे आधीपासूनच चर्चच्या जबाबदारीची आहेत. सरकार तेथे पाऊल टाकते तेव्हा पाळक राजकारणात शिरतो असे म्हणणे उलट आहे. केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे स्वभावाने अत्यंत सावध गृहस्थ. परंतु १९५७ साली गोऱ्यांच्या वस्तीतील चर्चमध्ये काळ्यांना येण्यास मनाई करण्याचा अधिकार मंत्र्याला देणारे कलम पुढे आले, तेव्हा हा कायदा आम्ही पाळणार नाही व लोकांना पाळायला सांगणार नाही, अशा आशयाचे पंतप्रधानांना लिहिलेले पत्र त्यांनी स्वाक्षरी करून सिद्ध केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. मात्र इंग्रजी भाषिक चर्चांना हा विरोध काहीसा सोपा होता, हेही नमूद केले पाहिजे, कारण सत्तेवर असलेला पक्ष त्यांच्या बाकांवर बसत नव्हता.

नौदे ह्यांच्या बाकांवर तो बसत होता. १९५९ साली ते जोहान्सबर्गच्या आस्फुलकॉप मंडळीत रुजू झाले. सुस्थितीतील आफ्रिकानेरांची ही मंडळी; समोरच्या बाकांवर काळ्या पोशाखात, पांढरा गळपट्टा बांधून वडीलजन बसत, आणि पाळकाच्या प्रवचनातील प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून आहे की नाही हे पाहणे हा त्यांचा हक्कच असे. दुसऱ्या वर्षी, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिल येथे परवान्यांच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे ठार झाली. जगभर हलकल्लोळ उडाला. जागतिक चर्च परिषदेने डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गमधील कॉटस्लो येथे आपल्या आठ सदस्य चर्चांची बैठक बोलाविली, तीत नौदे आपल्या चर्चच्या प्रतिनिधींपैकी एक होते. त्या बैठकीचे निवेदन आज वाचले तर सौम्य वाटेल: वर्णावरून कोणाही श्रद्धावंताला कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही, मिश्रविवाहाच्या बंदीला शास्त्राधार नाही, फिरत्या मजुरीने कुटुंबे मोडत आहेत, आणि मनुष्य जेथे वसतो तेथे जमीन बाळगण्याचा व राज्यकारभारात भाग घेण्याचा त्याला हक्क आहे. डच रिफॉर्म्ड चर्चच्या बहुतेक प्रतिनिधींनीही ह्याला संमती दिली होती.

पंतप्रधान फर्वुर्ट ह्यांनी जाहीर केले, की ही काही व्यक्तींची मते आहेत, चर्च अजून बोललेले नाही. सूचना पुरेशी होती. १९६१ साली सिनड भरले, निवेदन फेटाळण्यात आले, जागतिक चर्च परिषदेचे सभासदत्व सोडण्याचा निर्णय झाला. जे प्रतिनिधी कॉटस्लोला हात वर करून आले होते त्यांतील पुष्कळांनी आपली संमती मागे घेतली. नौदे ह्यांनी ती मागे घेतली नाही.

ह्या प्रसंगी माघार घेणाऱ्यांची बाजूही मला समजते. त्यांनी मनाशी असे म्हटले असावे, की आपण आत राहिलो तर हळूहळू लोकांना वळविता येईल. बाहेर फेकले गेलो तर आपले कोण ऐकणार? ही विचारसरणी प्रामाणिक असू शकते. पण तिच्यात एक धोका असा, की ‘हळूहळू’ ह्याची मुदत कधी भरत नाही, आणि वाट पाहणाऱ्याच्या मनाला वाट पाहण्याचीच सवय जडते. त्याच सुमारास, १९६३ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिले ते सबुरीचा उपदेश करणाऱ्या आठ गोऱ्या धर्मोपदेशकांना उद्देशून होते, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

१९६२ साली नौदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रो व्हेरिटाटे’ हे मासिक काढले. १९६३ साली सर्व वर्णांच्या व सर्व पंथांच्या ख्रिस्ती लोकांना सभासद होता येईल अशी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. तिचे संचालकपद पत्करताना पाळकाचा दर्जाही राहावा अशी परवानगी त्यांनी मागितली, ती चर्चने नाकारली. नौदे त्या वेळी साउदर्न ट्रान्सवालच्या सिनडचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, होते. चर्चमधील सर्वोच्च पद फार दूर नव्हते. ब्रूडरबोंडचा राजीनामाही त्यांनी त्याच वर्षी दिला. त्यापूर्वी मंडळाचे काही कागद त्यांनी सल्ल्यासाठी एका धर्मशास्त्रज्ञ स्नेह्याला विश्वासाने दाखविले होते, ते वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले, आणि नौदे ह्यांनी आपला त्यातील भाग उघडपणे कबूल केल्यावर ‘विश्वासघातकी’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो तीस वर्षे पुसला गेला नाही.

२२ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी आस्फुलकॉपच्या मंडळीपुढे आपला निर्णय सांगितला. वचन निवडले होते ते प्रेषितांच्या कृत्यांतील पाचव्या अध्यायाचे, जेथे यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे केलेला पेत्र, माणसांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा वरिष्ठ असल्याचे सांगतो. धर्मश्रद्धा आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा ह्यांत मला निवड करावी लागत आहे, आणि श्रद्धा सोडून मी येथे राहू शकत नाही, असा त्या प्रवचनाचा इत्यर्थ होता. मला त्या दिवसाच्या धैर्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नौदे ह्यांनी मंडळी फोडली नाही. आपल्या बाजूची चार कुटुंबे उचलून त्यांनी नवे चर्च उभारले नाही, आणि ख्रिश्चन इन्स्टिट्यूट हे चर्च नव्हतेच. पाळकाचा झगा गेल्यावरही जवळजवळ सतरा वर्षे ते त्याच गोऱ्या चर्चचे सामान्य सभासद राहिले, ज्यांनी त्यांना वाळीत टाकले त्यांच्याच उपासनेत बसत राहिले. १९८० साली त्यांनी अलेक्झांड्रा वस्तीतील काळ्या लोकांच्या रिफॉर्म्ड मंडळीत आपले नाव घातले. विरोधाची सारी किंमत स्वतः मोजायची आणि कळपाला मोजायला लावायची नाही, ही पाळकपणाची मोठी कसोटी आहे. फूट पाडून पुढारी होणे त्या मानाने स्वस्त असते.

संस्थेचे पुढचे काम जर्मनीच्या इतिहासाकडे पाहत चालले होते. हिटलरच्या राज्यात चर्च सरकारच्या कह्यात जाऊ लागले तेव्हा मे १९३४ मध्ये बार्मेन येथे काही पाळक व धर्मशास्त्रज्ञ जमले आणि मुख्यतः कार्ल बार्ट ह्यांच्या लेखणीतून उतरलेला जाहीरनामा त्यांनी संमत केला. ख्रिस्ताशिवाय कोणत्याही नेत्याची वा सत्तेची आज्ञा चर्च देववाणी म्हणून मानणार नाही, हे त्याचे सार. ‘प्रो व्हेरिटाटे’ने १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतही तशीच श्रद्धेची कबुली देणारे चर्च हवे, असा पुकारा केला. पण बार्मेनच्या त्या थोर जाहीरनाम्यात यहुदी लोकांविषयी एक शब्दही नाही, आणि हे आपल्याकडून राहून गेले ह्याची खंत बार्ट ह्यांनी उत्तरायुष्यात बोलून दाखविली. चर्च स्वतःचे हक्क जपायला लवकर जागे होते, चर्चबाहेरच्या माणसाच्या हक्कासाठी उशिरा. हे मी दुसऱ्यांना म्हणून लिहीत नाही, आम्हां सर्वांच्या मंडळ्यांत मी ते पाहतो.

१९७२ साली सरकारने ख्रिश्चन इन्स्टिट्यूटची चौकशी एका संसदीय आयोगाकडे सोपविली. नौदे ह्यांनी साक्ष देण्यास नकार दिला, कारण चौकशी गुप्त होती आणि ती करणारे न्यायाधीश नव्हते. त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. सप्टेंबर १९७७ मध्ये स्टीव्ह बिको ह्या तरुण काळ्या नेत्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, आणि १९ ऑक्टोबरला सरकारने अनेक संस्थांबरोबर ख्रिश्चन इन्स्टिट्यूटवरही बंदी घातली. नौदे ह्यांच्यावर वैयक्तिक बंदीहुकूम बजावण्यात आला, तो सात वर्षे राहिला. ह्या हुकमाखालील जीवन कसे असे हे समजून घेण्यासारखे आहे. त्या मनुष्याचे बोललेले किंवा लिहिलेले एक अक्षर छापणे हा गुन्हा होता. त्याला सभेत जाता येत नसे, आणि एका वेळी एकापेक्षा अधिक माणसांशी बोलणे हीसुद्धा सभाच मानली जाई. दोन पाहुणे आले तर एकाशी बोलणे चालू असेपर्यंत दुसऱ्याने बाहेर थांबायचे. सरकारची अपेक्षा अशी, की व्यासपीठ काढून घेतले की पाळक संपतो. घडले ते वेगळेच. तरुण काळे कार्यकर्ते, गोंधळलेले गोरे विद्यार्थी, धर्मगुरू, परदेशी पत्रकार, एकामागून एक माणूस त्या घरी येत राहिला, आणि प्रत्येकाचे म्हणणे तो गृहस्थ पूर्ण ऐकून घेत राहिला. प्रवचनाशिवाय जे पाळकाचे काम उरते, म्हणजे एका माणसाजवळ बसणे, त्याचे ऐकणे आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करणे, ते कोणत्याही हुकूमनाम्याने बंद झाले नाही.

१९८४ साली बंदी उठली. पुढच्याच वर्षी टुटू ह्यांच्या मागून दक्षिण आफ्रिकेच्या चर्च परिषदेचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले. १९९० च्या मे महिन्यात सरकार आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ह्यांच्यात ग्रूट स्कूर येथे पहिली औपचारिक बोलणी झाली, तेव्हा काँग्रेसने आपल्या शिष्टमंडळात नौदे ह्यांना घेतले. वास्तविक ते त्या पक्षाचे सभासद नव्हते. ज्या लोकांच्या मुक्तीसाठी त्यांनी आपले आयुष्य पणाला लावले त्यांच्या पक्षाच्या वहीत त्यांनी आपले नाव लिहू दिले नाही, ह्याचा मी असा अर्थ लावतो, की न्यायाची बाजू घेणे आणि पक्षाची बाजू घेणे ह्यांतील अंतर त्यांनी मित्रांच्या बाबतीतही सांभाळले. आज अनेक देशांत, अमेरिकेत तर विशेषच, काही पाळक एका पक्षाच्या सभेला आशीर्वाद देतात आणि काही दुसऱ्याच्या. आपला पक्ष चुकला तर ते बोलणार कोणत्या तोंडाने, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

चर्चही हळूहळू बदलले, पण ते सुखासुखी नव्हे. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे ठरवून डच रिफॉर्म्ड चर्चचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी मिश्रवर्णीयांच्या मिशन चर्चने बेलहार येथे ऐक्य, समेट आणि न्याय ह्यांवर आधारलेल्या विश्वासकबुलीचा मसुदा तयार केला व १९८६ साली तो स्वीकारला. १९८६ सालीच गोऱ्या चर्चने आपली दारे सर्व वर्णांना उघडली, तेव्हा काही हजार लोक बाहेर पडून त्यांनी आपले निराळे चर्च काढले. म्हणजे १८५७ साली जी फूट टाळली होती ती पडलीच, फक्त मध्यंतरी सव्वाशेहून अधिक वर्षे दुसऱ्या लोकांनी तिचे मोल भरले. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत धर्मशास्त्रज्ञ विली योंकर ह्यांनी आपल्या वतीने आणि आपल्या चर्चच्या वतीने अपराधाची कबुली दिली, आणि टुटू ह्यांनी उठून ती स्वीकारली. नौदे ७ सप्टेंबर २००४ रोजी वारले. त्यांची अंत्यविधीची उपासना शासकीय इतमामाने आस्फुलकॉपच्याच चर्चमध्ये झाली. जोहान्सबर्गमधील ज्या मोठ्या रस्त्याला पंतप्रधान मलान ह्यांचे नाव होते त्याला त्याआधीच नौदे ह्यांचे नाव देण्यात आले होते.

रस्त्याचे नाव बदलण्यापेक्षा मेज एक करणे किती कठीण, हे त्यानंतरही दिसून आले आहे. १९९४ साली मिश्रवर्णीयांचे मिशन चर्च आणि काळ्यांचे रिफॉर्म्ड चर्च एकत्र येऊन एक संयुक्त चर्च झाले, आणि गोऱ्या चर्चने त्यात सामील व्हावे म्हणून बोलणी सुरू झाली. बेलहारची विश्वासकबुली मान्य करावी, ही संयुक्त चर्चची अपेक्षा. डच रिफॉर्म्ड चर्चच्या सर्वसाधारण सिनडने अनुकूलता दाखविली. परंतु प्रश्न प्रांतिक सिनडांपुढे मतदानाला गेला तेव्हा कबुलीला आवश्यक तेवढे बहुमत मिळाले नाही. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचे म्हणणे असे होते, की ही कबुली आम्हांला वैयक्तिकरीत्या मान्य आहे, पण ती सर्वांवर लादली तर आमच्या मंडळीतील काही सभासद दुखावतील आणि मंडळी फुटेल.